रोखीचं गिऱ्हाईक वहीत कशाला?



संध्याकाळी विरार लोकल मीरा रोडला येते, अर्धी गाडी रिकामी होते आणि पुलावरून माणसांचा लोंढा पूर्वेला उतरतो. त्या लोंढ्यातली एक बाई घरी जाताजाता दुकानात शिरते. अर्धा किलो तूरडाळ, दोन साबण, मुलासाठी चित्रकलेची वही. दोनशे चाळीस रुपये. नोटा हातात तयार. गल्ल्यावरची मुलगी मान वर न करता विचारते, "मॅडम, नंबर?" मागे सहा माणसं उभी, त्यातल्या एकाच्या कडेवर रडणारं मूल. बाईच्या तोंडून दहा आकडे निघून जातात. तिला पिशवी मिळते, बिल मिळतं आणि रिक्षाच्या रांगेत पोहोचेपर्यंत फोनवर "आमच्या परिवारात आपले स्वागत आहे" असा संदेशही मिळतो. साबणाच्या दोन वड्या घेतल्या आणि एक परिवार लाभला!

या सभागृहातल्या किती जणांनी या आठवड्यात दुकानात नंबर सांगितला? हात वर करा. बरं. आता, किती जणांनी "नाही देणार" म्हटलं? तिसऱ्या रांगेतले एक काका सोडले तर कुणीच नाही. काकांना त्या दिवशी रांगेतल्या लोकांनी काय ऐकवलं असेल, ते त्यांनी चहाच्या वेळी सांगावं.

आजचा विषय हेच दहा आकडे. दुकानात जाणं, पैसे मोजून देणं, वस्तू घेऊन बाहेर पडणं, कुठे नाव नाही, नोंद नाही, खातं नाही, ही माणसाची फार जुनी सोय आहे. ती सोय अजून शिल्लक आहे का? नसेल, तर ती कुणी काढून घेतली आणि केव्हा? दुकानाने कुलूप लावून तर ती बंद केलेली नाही. दरवाजा उघडाच आहे, काच लखलखीत आहे, आत गारवा आहे.

सुरुवात वहीपासून करावी लागेल. आज साठीच्या पुढे असलेल्यांना वाण्याची लाल कापडी बांधणीची वही आठवत असेल. तिच्यात कुणाची नावं असत? उधारीवाल्यांची. महिनाअखेर पगार झाला की वाणी पान उलटायचा, बेरीज करायचा, रेघ मारायचा. रोखीने माल नेणाऱ्याचं नाव त्या वहीत कधीच नसे. त्याची विक्री दिवसाच्या रोजमेळात एका बेरजेत जायची आणि तिथेच विरघळायची. खातं म्हणजे देणं. वहीत नाव असणं हा वाण्याने टाकलेला विश्वास होता आणि गिऱ्हाइकावर चढलेलं ओझंही. "आमचं कुणाच्या वहीत नाव नाही" असं म्हणताना घरातला कर्ता माणूस छाती किंचित पुढे काढत असे.

आता मीरा रोडच्या त्या बाईकडे परत बघा. तिने रोख दोनशे चाळीस रुपये दिले. तिचं काहीही देणं नाही. मग ती वहीत का? व्यापाराचा सगळा जुना हिशेब इथे उलटा झाला आहे. ज्याचं काही देणं नाही त्याचंच नाव वहीत, आणि ती वही त्याला कधी दिसणारही नाही.

कुणी म्हणेल, वाणी काय कमी चौकस होता? त्याला सगळ्यांची सगळी माहिती असायची. खरं आहे. भाईंदर पश्चिमेच्या बाजारात टोपली घेऊन बसणारी उत्तनची कोळीण कुणालाही नाव विचारत नाही. तरी कुणाला सुके बोंबील लागतात, कोण फक्त रविवारी फिरकतं आणि कोण घासाघीस केल्याशिवाय पापलेटाला हात लावत नाही, हे तिला चेहऱ्यावरून पाठ असतं. तिच्या त्या आठवणीला मात्र दोन मर्यादा आहेत. ती तिच्या टोपलीपाशी संपते. आणि ती विसरते. शिवाय आपल्याला तिची तितकीच माहिती असते. तिच्या मुलीचं लग्न कधी झालं आणि यंदा नवऱ्याची बोट का थांबली, हेही तिनेच सांगितलेलं असतं. माहितीची ही देवाणघेवाण आहे. दुकानाच्या पडद्यामागच्या यंत्राला आपली सगळी माहिती असते. आपल्याला त्याचा पत्ताही ठाऊक नसतो.

या शहराला हा फरक इतरांपेक्षा जास्त कळायला हवा. मीरा-भाईंदर हे आलेल्या माणसांचं शहर आहे. २००१ च्या जनगणनेत इथली वस्ती पाच लाख वीस हजारांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती ८,०९,३७८ झाली. मधल्याच काळात, २००२ मध्ये, महानगरपालिका झाली. गिरगाव-लालबागच्या चाळींतून, कोकणातून, गुजरात-राजस्थानातून, उत्तरेतून आलेल्या कुटुंबांनी इथे वन-रूम-किचन घेतलं, दार लावलं आणि प्रथमच दाराला आतून कडी घातली. चाळीत दार उघडंच असायचं. कुणाकडे मटण शिजतंय, कुणाकडे औषधाच्या बाटल्या वाढल्यात, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, सगळं गॅलरीला माहीत. त्या मायेची आठवण काढून आज डोळे भरतात, पण त्याच गॅलरीतून सुटायला किती जणींनी नवऱ्याच्या मागे लागून इकडे घर घेतलं, तेही जरा आठवावं. अनोळखी असणं ही या शहराने दिलेली चैन होती. नंबर त्या चैनीत चाळ परत आणतो. पण चाळ नुसती बघत नसे, रात्री ताप चढला तर डॉक्टर बोलवायलाही धावे. इथे उरलं आहे फक्त बघणं.

आता दुसरा मुद्दा. दहा आकड्यांत असं असतं तरी काय? नंबर तर दूधवाल्याकडेही आहे.

नंबराचं खरं काम टाके घालण्याचं. सोमवारची डाळ, गुरुवारचं औषध, मार्चमधले बूट, दिवाळीतला मिक्सर, या चार दुकानांतल्या चार सुट्या घटना आहेत. चारही ठिकाणी एकच नंबर सांगितला की त्या एका माणसाच्या चार नोंदी होतात. माणूस नाव बदलत नाही, पण एकाच नावाची शंभर माणसं असतात. पत्ता बदलतो. नंबर मात्र बँकेला, गॅसला, शाळेला, आधारला सगळीकडे जोडलेला, म्हणून कुणी सहसा बदलत नाही. दुकानात खातं उघडलं नाही असं आपण म्हणतो, तेव्हा खातं उघडलेलंच असतं. त्याचा खातेक्रमांक आपणच तोंडाने सांगितलेला असतो.

अमेरिकेतल्या टार्गेट या दुकान-साखळीची गोष्ट इथे सांगायला हवी. २०१२ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्सच्या पुरवणीत चार्ल्स डुहिग या पत्रकाराने ती सविस्तर मांडली. दुकान प्रत्येक गिऱ्हाइकाला आतल्या आत एक क्रमांक द्यायचं. त्याचं नाव 'गेस्ट आयडी'. शब्द ऐका: गेस्ट, पाहुणा. पाहुण्याने कार्ड वापरलं, कूपन वापरलं, ग्राहकसेवेला फोन केला की ते सगळं त्या क्रमांकाखाली जमा. मग तिथल्या संख्याशास्त्रज्ञाने सुमारे पंचवीस वस्तूंची यादी काढली. बिनवासाचं लोशन, काही पूरक गोळ्या अशा वस्तू एकत्र घेतल्या जाऊ लागल्या, की ती बाई गरोदर असावी आणि तिला कितवा महिना असावा, याचा अंदाज बांधता येई. शाळकरी मुलीच्या घरी पाळण्याची कूपनं आली आणि बापाने दुकानात जाऊन तमाशा केला, ही त्यातली आख्यायिका जगभर फिरली. तिच्या खरेपणाबद्दल पुढे शंकाही घेतल्या गेल्या. ती बाजूला ठेवू. त्या लेखातला तिच्याहून बोचणारा तपशील वेगळाच आहे. आपल्याला ओळखलं जातंय हे कळलं की बायका बिचकतात, हे दुकानाच्या लक्षात आलं. मग त्यांनी काय केलं? अंदाज बांधणं थांबवलं? छे. डायपरच्या कूपनाशेजारी गवत कापायच्या यंत्राची जाहिरात लावायला सुरुवात केली, म्हणजे सगळं सहज, योगायोगाने आल्यासारखं दिसावं.

पंचवीस वस्तूंतून गरोदरपण कळतं. मग मीरा-भाईंदरमधल्या पिशवीतून काय कळेल? याला संख्याशास्त्रज्ञही लागणार नाही. वर्षभराच्या किराण्यात कांदा-लसूण-बटाटा नाही, म्हणजे घर कुणाचं? रमजानच्या महिन्यात खजूर आणि शेवया वाढल्या, म्हणजे कुणाचं? श्रावणात अंडी थांबली आणि गटारीच्या आधी दुप्पट झाली, म्हणजे कुणाचं? इथे हसू येतं, येऊ द्या. पण ज्या महानगरात भाड्याने घर मागणाऱ्याला पगाराच्या आधी आडनाव आणि ताटातलं काय ते विचारतात, तिथे पिशवीतून धर्म-जात वाचता येणारी यादी तयार होते आहे, आणि ती कुणाच्या हाती आहे हे त्या पिशवीच्या मालकाला ठाऊक नाही. मधुमेहाच्या गोळ्या, गर्भनिरोधकं, केसांना लावायचा काळा रंग, प्रौढांचे डायपर. घरातल्या घरातही न बोलल्या जाणाऱ्या गोष्टी बिलावर छापून निघतात.

"आम्ही ऑनलाइन घेतो, पण पाहुणा म्हणून; खातं उघडत नाही" असं सांगणारे सावध लोकही आहेत. त्यांच्यासाठी एक छोटी हकिकत. २०२२ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी एक लाख संकेतस्थळं यंत्राकरवी तपासली. रकान्यात ईमेल टाइप केला, पण पाठवण्याचं बटण दाबलंच नाही, तर काय होतं? युरोपातून पाहिलं तेव्हा १,८४४ आणि अमेरिकेतून पाहिलं तेव्हा २,९५० संकेतस्थळांवरून तो ईमेल बटण दाबण्याआधीच माग काढणाऱ्या कंपन्यांकडे पोचलेला होता. म्हणजे उंबऱ्यावर पाऊल टाकलं, विचार बदलला, मागे वळलं, तरी आत नाव लिहून झालेलं.

दुकान आणि ऑनलाइन यांच्यात पूलही आहे. दुकानदार आपल्याकडच्या नंबरांची यादी मोठ्या जाहिरात कंपनीला देतो. नंबर उघडे दिले जात नाहीत, त्यांचा एक सांकेतिक ठसा दिला जातो. समोरच्या कंपनीकडे तिच्या वापरकर्त्यांच्या नंबरांचे ठसे असतातच. ठसा ठशाला जुळला की झालं. फेसबुकने ही सोय जाहिरातदारांना २०१२ मध्येच दिली. म्हणून दुपारी दुकानात बूट घालून बघितले आणि रात्री फोनवर बूट दिसले, तर फोन कान लावून ऐकत असतो असं समजायचं कारण नाही. ऐकायची गरजच काय? आपणच गल्ल्यावर मोठ्याने सांगितलेलं असतं. रांगेतल्या सहा जणांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

आता तिसरा मुद्दा, आणि तो इथल्या मातीतला आहे. "नंबर गेला तर गेला, फार तर दोन जाहिराती येतील, एवढं काय?" हा प्रश्न पुष्कळ लोक मनापासून विचारतात. त्याचं उत्तर याच शहराने जगाला दिलं आहे.

४ ऑक्टोबर २०१६, मंगळवारची रात्र. ठाणे पोलिसांनी मीरा रोडमधल्या कॉल सेंटरांवर छापे घातले. सातशेहून अधिक तरुण-तरुणींना चौकशीसाठी रोखलं गेलं, सत्तर जणांना अटक झाली. ही मुलं रात्रभर अमेरिकेत फोन लावत. "आयकर खात्यातून बोलतोय, तुमचा कर थकला आहे, अर्ध्या तासात पोलीस दारात येतील." समोर एखादी घाबरलेली म्हातारी. तिला सांगायचं, फोन चालू ठेव, जवळच्या दुकानात जा, आयट्यून्सची गिफ्ट कार्डं घे आणि मागचा क्रमांक वाचून दाखव. क्रमांक वाचला की पैसे गेले. जगभरच्या वर्तमानपत्रांत आपल्या मीरा रोडचं नाव छापून आलं. लोकलच्या इंडिकेटरपलीकडे ते पहिल्यांदाच गेलं, आणि गेलं ते असं.

त्याच महिन्यात, २७ ऑक्टोबरला, अमेरिकेच्या न्याय विभागाने याच तऱ्हेच्या फसवणुकीबद्दल छप्पन्न माणसं आणि अहमदाबादची पाच कॉल सेंटरं यांच्यावर आरोपपत्र जाहीर केलं. ज्ञात बळी पंधरा हजारांच्या वर. त्या आरोपपत्रात एक गोष्ट सांगितली होती, जिच्याकडे आपल्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. फोन कुणाला लावायचे, हे या लोकांना कसं कळायचं? माहितीचा व्यापार करणाऱ्या दलालांकडून. म्हणजे कुठल्या तरी अमेरिकन म्हातारीने कधी तरी, कुठल्या तरी गल्ल्यावर किंवा फॉर्मवर, हसतमुखाने आपली माहिती दिलेली होती. ती हातोहात विकली गेली आणि अर्ध्या पृथ्वीपलीकडे रात्रपाळीला बसलेल्या माणसाच्या पडद्यावर उमटली.

आता दिशा फिरली आहे. फोन इकडेच येतात. वीज कापण्याची धमकी, कुरियर अडकल्याचा निरोप, "डिजिटल अटक". बोलणाऱ्याला आपलं नाव माहीत असतं, बँक माहीत असते, कधी कधी शेवटची खरेदीही. २०२१ च्या मे महिन्यात डॉमिनोज इंडियाच्या अठरा कोटी ऑर्डरींची माहिती फुटली. इंटरनेटच्या अंधाऱ्या गल्लीत कुणीतरी तिचं चक्क शोधयंत्र करून ठेवलं: नंबर टाका, त्या माणसाने पिझ्झा कुठेकुठे मागवला ते पत्त्यासकट बघा. पैशांच्या व्यवहाराची माहिती फुटलेली नाही, असं कंपनीने सांगितलं, आणि ते मान्य करू. पण ज्या बाईने नवऱ्यापासून लपून मैत्रिणीच्या घरी आसरा घेतला आहे, तिच्यासाठी कार्डाचा क्रमांक जास्त धोक्याचा की पिझ्झाचा पत्ता?

इथे एक उलटा प्रश्नही प्रामाणिकपणे विचारायला हवा. मीरा रोडचा तो सगळा धंदा कशावर चालला? गिफ्ट कार्डावर, म्हणजे कुठलंही खातं न उघडता, नाव न सांगता दुकानातून घेता येणाऱ्या वस्तूवर. निनावी खरेदीनेच चोराचा माग पुसला. तेव्हा सगळी खरेदी सदासर्वकाळ निनावी असावी, असं कुणी म्हणत असेल तर ते भाबडेपणाचं आहे. नावाची गरज जिथे आहे तिथे ती आहेच. आणि गंमत अशी की आपल्या कायद्याने ती गरज नेमकी कुठे आहे हे लिहूनही ठेवलं आहे.

सोन्याच्या दुकानात दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन लागतो. जीएसटीच्या नियमांत नोंदणी नसलेल्या साध्या गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता बिलावर घालणं बंधनकारक होतं ते बिल पन्नास हजारांचं किंवा वर गेलं की. औषधांत 'एच-१' या यादीतली प्रतिजैविकं, क्षयरोगाची आणि झोपेची काही औषधं विकताना औषधविक्रेत्याने डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या नोंदवहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं ठेवायची, हा नियम २०१४ पासून आहे. त्यामागे कारण आहे. प्रतिजैविकांचा बेफाम वापर रोखायचा आहे. पण दोनशे चाळीस रुपयांच्या डाळ-साबणाला? कुठल्याही कायद्याला त्या बाईचा नंबर नको आहे.

मग २०२३ चा मे महिना आठवा. त्याआधी खासदार महुआ मोइत्रा यांनी दिल्लीतल्या एका दुकानात वडिलांसाठी पॅन्ट घेताना नंबर आणि ईमेल मागितल्याबद्दल जाहीर तक्रार केली होती. दिल्ली विमानतळावर च्युइंगगम घेतानाही नंबर मागितला गेल्याची एका प्रवाशाची तक्रार गाजली होती. च्युइंगगम! चघळून थुंकायची वस्तू, आणि तिचीही नोंद. मग केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने व्यापारी संघटनांना कळवलं की नंबर दिल्याशिवाय वस्तू किंवा बिल द्यायचं नाही, ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आणखी एक कलम आहे: ग्राहकाने विश्वासाने दिलेली खासगी माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणं, हीसुद्धा अनुचित प्रथाच. म्हणजे तिसऱ्या रांगेतल्या काकांची बाजू कायद्याची आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. हा एक नंबर मात्र लिहून घ्यायला हरकत नाही.

काकांच्या या बाजूमागे आणखी मोठा पाया आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी, न्या. के. एस. पुट्टस्वामी या निवृत्त न्यायाधीशांच्या याचिकेवर, एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. त्यातून पुढे २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा आला. या कायद्यावर टीका भरपूर आहे आणि ती बरीचशी योग्य आहे; सरकारने स्वतःला त्यात सैल दोर ठेवला आहे. पण दुकानापुरतं बोलायचं तर त्यातला एक परिच्छेद प्रत्येक गल्ल्यावर फ्रेम करून लावावा असा आहे. कायद्याने स्वतःच उदाहरण दिलं आहे, आणि ते औषधाच्या दुकानाचं आहे. एक बाई औषध घेते. पैसे मिळाल्याची पावती मोबाइलवर पाठवा, असं ती आपणहून सांगते आणि नंबर देते. दुकानदाराने तो नंबर पावती पाठवण्यासाठी वापरावा. तिथे ते उदाहरण संपतं. पुढे सवलतीचे संदेश, वाढदिवसाच्या शुभेच्छा, भावाच्या विमा कंपनीला यादी, यातलं काहीही त्यात नाही. आणि संमती कशी असावी, तर मोकळी, नेमकी, समजून-उमजून दिलेली, निःसंदिग्ध आणि बिनशर्त. "नंबर दिला तरच बिल निघेल" ही शर्त नाही तर काय आहे?

या कायद्याखालचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहिती गोळा करणाऱ्यांवरची मुख्य बंधनं अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत. आणखी एक तरतूद मराठी माणसाने मनात ठेवावी: माहिती कशासाठी घेतो आहोत ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या बावीसपैकी कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला द्यावा लागेल. दुकानाच्या पाट्या मराठीत हव्यात म्हणून इतकं रान उठलं. मग गल्ल्यामागची ही पाटी मराठीत कोण मागणार?

याच कायद्यात एक गंमतही आहे. तो डिजिटल माहितीला लागू होतो. कागदावर लिहून पुढे संगणकात न गेलेल्या माहितीला नाही. म्हणजे वाण्याची लाल वही कायद्याच्या बाहेर राहिली. बरंच झालं म्हणायचं. तिच्यात निदान आपली उधारी किती, हे विचारल्यावर तो दाखवत तरी असे.

दुकानदारांची बाजू न मांडता हे बोलणं पुरं करणं अन्यायाचं होईल. या सभागृहात दुकानदारही बसले आहेत. त्यांचं म्हणणं, ऑनलाइनच्या राक्षसांना गिऱ्हाइकाची नस न् नस कळते आणि आम्हाला काहीच कळू नये का? कागदी बिलाची शाई दोन महिन्यांत उडते, मग वॉरंटीला गिऱ्हाईकच भांडत येतं. माल बदलून द्यायचा तर खरेदी शोधायची कशी? यातला शब्दन् शब्द खरा आहे. मिक्सरला नंबर घ्या. गिऱ्हाईक आनंदाने देईल. पण मिक्सरची अडचण डाळीच्या गळ्यात का? आणि माहिती साठवल्याशिवाय व्यापार चालणार नाही, ही भीती कार्डांच्या बाबतीतही होती. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन दुकानांना गिऱ्हाइकाच्या कार्डाचा खरा क्रमांक साठवायला बंदी केली. त्याजागी टोकन, म्हणजे बदली सांकेतिक क्रमांक, आलं. आधी केवढी ओरड झाली, व्यापार बसेल म्हणून! व्यापार बसला का? जर्मनीत तर राज्याराज्यांच्या माहिती संरक्षण यंत्रणांनी मिळून मार्च २०२२ मध्येच ऑनलाइन दुकानांना बजावलं, की एकदाच काही घ्यायला आलेल्याला खातं उघडायला लावू नका, पाहुण्याची वाट उघडी ठेवा.

आणि माल खपवायला माणसामाणसावर डोळा ठेवावा लागतो, हे तरी कुठे सिद्ध झालं आहे? १९७५ च्या गुढीपाडव्याला सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ केले. संघाने महिन्याची यादी द्यायची, माल एका घरी यायचा, तिथेच वाटप. कुठल्या घराने किती साखर नेली हे त्या दिवाणखान्यातल्या बायकांना ठाऊक असे. भाव पाडून घ्यायला आणि माल मागवायला संस्थेला लागत असे ती बेरीज. एवढी मोठी खरेदी बेरजेवर चालली.

शेवटी गल्ल्यावरच्या मुलीकडे यायलाच हवं, कारण सगळा राग तिच्यावर निघतो आणि तिचा यात काडीचा हात नसतो. तिच्या पडद्यावर एक चौकोन असतो. तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, असं कुणीतरी दूरच्या कार्यालयात बसून ठरवलेलं असतं. गिऱ्हाईक नाही म्हणालं, मागची रांग कुरकुरली, की ती काय करते? पूर्वी दहा वेळा नऊ दाबायची. मग यंत्र शहाणं झालं, नऊचा आकडा घेईना. तेव्हा अनेक दुकानांत अशा मुली सरळ आपला स्वतःचा नंबर घालतात आणि रांग पुढे सरकवतात.

म्हणजे दिवसभरात नंबर न देणाऱ्यांची सगळी खरेदी तिच्या नावावर चढते. दाढीची ब्लेडं तिची, सांधेदुखीचं तेल तिचं, कुत्र्याचं खाणं तिचं, उपवासाची भगर आणि रविवारची अंडीही तिचीच. कंपनीच्या हिशेबी ती एकाच वेळी नवजात बाळाची आई आहे, टक्कल पडलेला गृहस्थ आहे, जैन आहे, मांसाहारी आहे आणि महिन्याला काही लाखांचा किराणा भरणारं शहरातलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक आहे. रात्री साडेदहाला शटर पडतं. शेअर रिक्षात दाटीवाटीने बसून ती फोन उघडते, तर पडद्यावर ओळीने संदेश आलेले असतात: खास आपल्यासाठी, आपली आवड लक्षात घेऊन.